निक्षेपविचार : देहाची ठेव आणि अखेरची इच्छा

देह मातीच्या स्वाधीन करण्याच्या क्रियेला आपल्या मार्गात ‘निक्षेप’ असे म्हणतात. हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळला आहे की त्याचा अर्थ पाहावा असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. लोकव्यवहारात ‘पुरणे’, ‘गाडणे’, ‘माती देणे’ हे शब्द आहेत. मग आपल्या पूर्वजांनी ‘निक्षेप’ हाच शब्द का धरून ठेवला? निक्षेप म्हणजे ठेव. धर्मशास्त्रात व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली आहेत, त्यांत ऋणादानानंतर निक्षेपाचाच क्रम येतो. एकाने विश्वासाने दुसऱ्याजवळ वस्तू ठेवावी, दुसऱ्याने ती आपली न मानता सांभाळावी, आणि मागता क्षणी ज्याची त्याला परत करावी, असा त्याचा आशय आहे. ठेव सांभाळणाऱ्याने तिचा अभिमान धरावयाचा नसतो, आणि परत करताना शोकही करावयाचा नसतो. मूळ धन्याकडे वस्तू पोचली, येथे व्यवहार संपतो.

हा अर्थ ध्यानी घेतला म्हणजे निक्षेप हा केवळ प्रेताची विल्हेवाट लावण्याचा एक प्रकार राहत नाही. आपल्या तत्त्वज्ञानाचे सारच त्या एका शब्दात उतरले आहे असे दिसून येते. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ आपण मानतो. यांपैकी देह हा प्रपंचाचा. कारणप्रपंच नित्य आहे, कार्यप्रपंच अनित्य आहे, आणि देह हे कार्य आहे. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश यांजकडून काही काळापुरते घेतलेले हे द्रव्य जीवाने ‘मी’ म्हणून धरले, हेच त्याचे अन्यथाज्ञान. मृत्यू येतो तेव्हा जीव आपल्या कर्मानुसार पुढील फळास जातो. मागे उरते ती प्रपंचाची ठेव. ती प्रपंचास परत करावयाची, एवढेच मागे राहिलेल्यांचे काम.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. देहाचे पुढे काय केले यावर जीवाची गती अवलंबून नाही. कर्माची फळे ज्याची त्यास भोगावी लागतात. स्वर्ग, नरक, कर्मभूमी ही फळे जीवाच्या स्वतःच्या आचरणाने ठरतात आणि मोक्ष एका परमेश्वराच्या अधीन आहे. पुत्राने पिंड दिल्याने पित्याचे ज्ञान वाढत नाही आणि न दिल्याने घटत नाही. सूत्रपाठातील संसरण प्रकरणाचे अध्ययन ज्यांनी केले आहे, त्यांस हे निराळे सांगण्याचे कारण नाही. परंतु अध्ययनात पटलेले तत्त्व दारात तिरडी बांधली जात असता टिकून राहतेच असे नाही. म्हणून हा विचार येथे मांडण्याचे योजिले आहे.

देह आणि देही यांचा भेद दाखविणारी लीळा तर आपल्या मार्गाच्या आरंभीच आहे. द्वारावतीस श्रीचांगदेव राऊळांनी एक पूर स्वीकारणे सोडले, आणि भरवसच्या प्रधानाचा पुत्र हरिपाळदेव मृत होऊन स्मशानी नेला असता त्या पुरात प्रवेश केला. लीळाचरित्राच्या एकांकात ही कथा आली आहे. ज्या देहाभोवती आप्तेष्ट रडत होते, ज्यास अग्नी देण्याची सिद्धता झाली होती, तोच देह उठून घरी परतला, आणि पुढे त्याच पुराने स्वामींनी महाराष्ट्रात जीवोद्धरणाचे कार्य केले. ईश्वरावताराची गोष्ट आपल्या देहाला लावावयाची नाही हे खरे. तरी त्यातून एवढे तरी घ्यावे की पूर हे पूर आहे, धनी निराळा आहे. श्रीकृष्णचक्रवर्तींनी गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुनास जीर्ण वस्त्राचा दृष्टांत दिला, त्याचे मर्म हेच.

कोणी विचारील, देह परतच करावयाचा, तर तो अग्नीस दिला काय आणि मातीस दिला काय, भेद कोणता? याचे समाधान असे. वैदिक परंपरेत दहनविधीचे नाव ‘अन्त्येष्टि’ आहे. इष्टि म्हणजे यज्ञ. जन्मभर अग्नीत आहुती देणाऱ्या गृहस्थाने अखेरीस आपला देहच आहुती म्हणून अर्पण करावयाचा, अशी ती कल्पना आहे, आणि ज्यांचा तो मार्ग आहे त्यांच्या दृष्टीने ती सुसंगतही आहे. आपण मात्र देवतायजन सोडून एका परमेश्वरास शरण गेलो. ज्याने जिवंतपणी देवतेस आहुती दिली नाही, त्याच्या देहाची आहुती त्याच्या पश्चात का द्यावी? दुसरे असे की लाकडाच्या सालीत, ढोलीत, गोवऱ्यांच्या आड असंख्य जीवजंतू वास करतात. एका प्रेतास तीन-चारशे किलो लाकूड लागते. आयुष्यभर मुंगीस जपून पाऊल टाकणाऱ्याच्या निमित्ताने अखेरीस एवढी हिंसा व्हावी हे उचित दिसत नाही. भूमीत खड्डा घेतानाही काही हिंसा होते हे मान्य आहे, पण तिचे प्रमाण अल्प, आणि अग्नीसारखी ती सर्वभक्षक नाही.

निक्षेप ही परकी रीत आहे असा आक्षेप शेजारचे लोक कधी कधी घेतात. तो अज्ञानमूलक आहे. लहान बालकांस सर्वच हिंदू घरांत भूमी देतात. संन्याशांस अग्नी देत नाहीत. वीरशैव लिंगायत बंधू देहास बसवून समाधी देतात. आपल्याच अमरावती जिल्ह्यात मेळघाटातील कोरकू समाजात प्रेत पुरण्याची चाल जुनी आहे, आणि मृताच्या स्मरणार्थ ते कोरीव लाकडी खांब उभा करतात. अशा अनेक वाटा या भूमीत शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. तेव्हा आपली वाट सांगताना संकोच नको, आणि दुसऱ्याच्या वाटेची निंदाही नको.

एवढे विवेचन झाल्यावर मूळ प्रश्नाकडे वळू. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत उपदेशी कुटुंबांची वस्ती पुष्कळ आहे, आणि अलीकडे अनेक घरांतून एकाच स्वरूपाची विचारणा होते. पित्याने उपदेश घेतला आहे, पुत्रांनी घेतलेला नाही. पिता म्हणतो, माझा निक्षेप करा, दहावा नको, तेरवी नको. पुत्र म्हणतात, गावात तोंड कसे दाखवावे, सोयरे काय म्हणतील? कोठे उलट प्रकार असतो. घर सगळे मार्गातले, आणि घरातील शिकलेली वृद्ध माता म्हणते, माझा देह वैद्यकीय महाविद्यालयास द्या, मातीत घालून कोणाच्या काय उपयोगाचा? कोठे वडील काहीच न बोलता जातात, आणि मग एक भाऊ आश्रमातून भिक्षुकांस बोलावतो, दुसरा भटजींस बोलावतो, आणि देह अंगणात ठेवून दोन तास वाद चालतो. अशा वेळी शास्त्र काय सांगते?

प्रथम मृताच्या इच्छेचा विचार करू. जीव निघून गेल्यावर त्या इच्छेस अर्थ काय, असे कोणी म्हणेल. अर्थ आहे. पित्याने जेव्हा पुत्रास सांगितले की माझ्या मागे असे करावे, तेव्हा त्याने आपला शब्द पुत्राजवळ ठेवला. देह ही प्रपंचाची ठेव, आणि हा शब्द ही माणसाने माणसाजवळ ठेवलेली ठेव. ठेवणारा परत मागावयास येणार नाही हे माहीत असूनही ती जपणे, यातच ठेव सांभाळणाऱ्याची परीक्षा असते. मृताला त्याने काही मिळत नाही. मिळते ते जिवंताला, आणि ते म्हणजे विश्वासास पात्र राहिल्याचे समाधान. म्हणून पुत्र उपदेशी नसला तरी त्याने पित्याच्या निक्षेपाची इच्छा पाळावी, असे आम्ही निःसंकोच सांगतो. तसेच पिता उपदेशी नसेल, त्याने दहनाची इच्छा बोलून दाखविली असेल, तर उपदेशी पुत्राने आपला धर्म त्याच्या देहावर लादू नये. त्याचा देह हा पुत्राच्या आचाराचे प्रदर्शन करण्याचे ठिकाण नव्हे. पुत्राने आपल्या पुरते नामस्मरण करावे आणि खांदा द्यावा.

आता दुसरी बाजू. इच्छा ही पाळणाऱ्याच्या दृष्टीने ठेव असली, तरी धरणाऱ्याच्या दृष्टीने ती ममता होऊ शकते. ‘माझा देह येथेच ठेवा, अमक्याच्या शेजारी ठेवा, वर ओटा बांधा, संगमरवरी फरशीवर नाव कोरा’ असे म्हणणारा मनुष्य देह सोडावयास निघाला आहे की देहाचे घर पक्के करावयास निघाला आहे? आपल्या इच्छेची कसोटी प्रत्येकाने स्वतःच लावावी. जी इच्छा मागे राहणाऱ्यांचा भार कमी करते, ती विरक्तीची. जी त्यांचा भार वाढविते, ती आसक्तीची. ‘खर्च करू नका, कर्ज काढू नका, जेथे सोयीचे तेथे माती द्या’ ही पहिल्या जातीची इच्छा. स्वामींनी अनुसरलेल्यास सांगितले ते परक्या प्रदेशात, अनोळखी ठिकाणी, झाडाच्या आश्रयाने अज्ञात राहून आयुष्य घालविण्याविषयी. ज्याने जगताना नाव पुसून टाकावयाचे, त्याने मेल्यावर ते दगडावर कोरून घ्यावे, यात विसंगती आहे.

वऱ्हाडच्या भूमीत याची साक्ष मार्गाबाहेरही सापडते. श्रीसंत गाडगे महाराज 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे, पेढी नदीपाशी, प्रवासातच देह ठेवते झाले. गाडगे, चिंध्या आणि खराटा याखेरीज ज्यांनी स्वतःचे काही मानले नाही, त्या बाबांनी आपल्यामागे मूर्ती नको, समाधी नको, मंदिर नको असे सांगून ठेवले होते, ही गोष्ट वऱ्हाडात सर्वतोमुखी आहे. आज अमरावतीत त्यांची समाधी आहे आणि तेथे सहस्रावधी लोक नमस्कारास जातात. भक्तांच्या प्रेमास आम्ही दोष देत नाही. त्या स्थानी होणारी अन्नदानाची सेवा बाबांच्या शिकवणीस धरूनच आहे. तरी विरक्त पुरुषाची अखेरची इच्छा पाळणे भक्तांस किती कठीण जाते, हे यावरून दिसते. मोझरीस 11 ऑक्टोबर 1968 रोजी देह ठेवणाऱ्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी तर ग्रामगीतेत अंत्यसंस्कारासाठी स्वतंत्र अध्यायच लिहिला, आणि मृताच्या नावाने होणारा थाट सोडून गावास उपयुक्त असे काही करण्याचा मार्ग दाखविला. आपली तत्त्वदृष्टी त्यांच्याहून निराळी आहे. परंतु साधेपणाच्या बाबतीत आपण त्यांच्या मागे राहावे हे आपणास शोभणारे नाही.

येथे चबुतऱ्याचा प्रश्न निघतो. कित्येक ठिकाणी निक्षेपाच्या जागी पक्के बांधकाम करण्याची, पुढे तेथे दिवा लावण्याची, वार्षिक दिवस घालण्याची प्रवृत्ती वाढत आहे. कोणी म्हणेल, आपण स्थानांस वंदन करतोच, मग येथे का नको? भेद सूक्ष्म नाही, उघड आहे. असन्निधानात आपणास स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक ही चार साधने सांगितली. स्थान म्हणजे जेथे अवतार बसले, निजले, चालले, जेथे त्यांचा चरणस्पर्श झाला ती भूमी. मुनी व्यासांनी स्थानपोथीत ज्या जागा नोंदविल्या, त्या परमेश्वराच्या संबंधाने पवित्र झालेल्या जागा आहेत. ऋद्धिपुरात आपण ओट्यापुढे मस्तक ठेवतो ते श्रीप्रभूंच्या क्रीडेचे स्मरण म्हणून. जीवाचा देह जेथे ठेवला, ती जागा या अर्थाने स्थान होत नाही. जीव कितीही थोर असला, ज्ञानी असला, तरी तो जीवच. त्याच्याविषयी आदर असावा. तो आदर त्याच्या आचरणाचे अनुकरण करून, त्याच्या ग्रंथांचे अध्ययन करून व्यक्त व्हावा. श्रीस्वामी उत्तरापंथे गेल्यावर भटोबासादि भक्तजनांनी ऋद्धिपुरात श्रीप्रभूंची सेवा केली, आणि विरहाच्या त्या काळात म्हाइंभटांनी एकेक लीळा पायी हिंडून, विचारून गोळा केली. त्यांच्या शोकातून ग्रंथ निर्माण झाला. मराठी भाषेस तिचा आद्य गद्य चरित्रग्रंथ त्या स्मरणातून लाभला. स्मरण कोठे ठेवावे याचा याहून स्पष्ट आदेश कोणता हवा?

आता देहदानाचा प्रश्न. हा प्रश्न नवा आहे, आणि नवा म्हणून टाळता येणार नाही. अकोल्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि 2024 पासून तेथे शासकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. वैद्यकीच्या पहिल्या वर्षी शरीररचना शिकताना विद्यार्थ्यांस मानवी देह लागतो. तो औषधी द्रव्ये भरून महिनोन्‌महिने टिकविला जातो. महाराष्ट्रात यासंबंधी 1949 पासून कायदा आहे. मनुष्याने हयातीत लेखी इच्छा नोंदवावी, आणि मृत्यूनंतर नातेवाइकांनी देह महाविद्यालयाच्या स्वाधीन करावा, अशी रीत आहे. नेत्रदान त्याहून सोपे. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत नेत्रपटल काढून घेतात, आणि त्यानंतर निक्षेप नेहमीप्रमाणे करता येतो. मराठवाड्यातील कडोळी येथे जन्मलेले आणि चित्रकूट येथे 27 फेब्रुवारी 2010 रोजी निवर्तलेले नानाजी देशमुख यांचा देह त्यांच्या इच्छेनुसार दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेस देण्यात आला, हे वाचकांस स्मरत असेल.

शंका अशी घेतली जाते की देहाची चिरफाड होणे हे देहाची विटंबना नव्हे काय, आणि त्यात हिंसा नाही काय? समाधान : जेथे जीव नाही तेथे हिंसा नाही. हिंसा जीवास होते, मातीस होत नाही. विटंबनेविषयी म्हणावयाचे तर, शिकणारा ज्या भावनेने हात लावतो तीवर ते अवलंबून आहे. उद्याच्या रोग्यास वाचविण्यासाठी जो विद्यार्थी त्या देहाकडे पाहतो, तो देहाची अवहेलना करीत नाही. दुसरी शंका अशी की, देहदानाने मोठे पुण्य लाभते असे लोक म्हणतात, ते खरे काय? पुण्य लाभेलही, परंतु पुण्य हाही बंधच आहे, त्याचे फळ भोगून संपते. पुण्याच्या किंवा वृत्तपत्रात छायाचित्र येण्याच्या आशेने देह देऊ नये. तिसरी शंका महत्त्वाची : देहदानाने निक्षेपाचा आचार मोडत नाही काय? आमच्या मते, निक्षेपाचे तत्त्व ठेव परत करणे हे असेल, तर ठेव धन्याकडे जाताना वाटेत एखाद्या गरजू हातातून गेली म्हणून ती बुडाली असे होत नाही. अभ्यास संपल्यावर तो देह अखेर प्रपंचातच मिळतो. तरी संन्यस्त भिक्षुकांनी व तपस्विनींनी आपल्या आम्नायाच्या आचारास धरून निक्षेपच करून घ्यावा, कारण त्यांचे आचरण हे इतरांसाठी मार्गाची खूण असते. वासनिकाने आपल्या आचार्यांस विचारून, ममता सोडून, नेत्रदान किंवा देहदान केले तर त्यास मार्गबाह्य म्हणू नये. याविषयी आपल्या आचार्यांत मतभेद संभवतात याची आम्हांस जाणीव आहे. विद्वानांनी यावर अवश्य लिहावे.

जगातील इतर समाजही आज याच विचारात पडले आहेत. मुंबईच्या पारशी बंधूंची चाल देह पक्ष्यांस अर्पण करण्याची. परंतु जनावरांस दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाने, ती मेलेली जनावरे खाणारी गिधाडे गेल्या शतकाच्या अखेरीस झपाट्याने नाहीशी झाली. 2006 मध्ये त्या औषधाच्या पशुवापरावर बंदी आली, पण गिधाडे परतली नाहीत. तेव्हा काहींनी विहिरीवर सूर्यकिरण एकवटणारी साधने बसविली, आणि काहींनी दहन स्वीकारले. 2015 पासून वरळीच्या स्मशानभूमीत त्यांच्या प्रार्थनेची सोयही झाली. दक्षिण आफ्रिकेतील ख्रिस्ती धर्मगुरू डेस्मंड टुटू 26 डिसेंबर 2021 रोजी निवर्तले. आपणास सर्वांत स्वस्त पेटी द्यावी, थाट करू नये, असे त्यांनी सांगून ठेवले होते, आणि त्यांच्या देहाचे विसर्जन अग्नीऐवजी क्षारयुक्त पाण्याच्या साहाय्याने करण्यात आले. रीत निसर्गावर व काळावर अवलंबून असते, तिच्यामागील तत्त्व तसे नसते, हे या दोन्ही उदाहरणांवरून घ्यावे.

काळाने रीत मोडल्याचा अनुभव आपणासही आलाच. करोनाच्या साथीत 30 मार्च 2020 रोजी मुंबई महापालिकेने सर्व मृतांचे, धर्म कोणताही असो, दहनच करावे असे परिपत्रक काढले आणि त्याच दिवशी मागे घेतले. पुढे मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने सन्मानपूर्वक दफन हा जीविताच्या मूलभूत अधिकाराचाच भाग असल्याचे मान्य केले. वऱ्हाडात फेब्रुवारी 2021 मध्ये साथ पुन्हा उसळली. अमरावती व अचलपूर येथे टाळेबंदी लागली, आणि बंद पिशवीतील देहाचे मुख पाहणेही कित्येकांच्या वाट्यास आले नाही. निक्षेपाची इच्छा सांगून गेलेल्या किती वृद्धांचे देह अग्नीस गेले असतील, कोण मोजणार? त्यांच्या मुलांस ती गोष्ट अजून सलते. त्यांना आम्ही एवढेच सांगतो की तुमच्याजवळची ठेव तुम्ही बुडविली नाही; ती तुमच्या हातून काळाने हिरावून घेतली. तुमच्या पित्याच्या जीवास त्याने तिळमात्र न्यून आलेले नाही. परमेश्वर चिता पाहत नाही, खड्डा पाहत नाही. त्या जीवाने त्यास किती आठविले, एवढे तो पाहतो.

मात्र जेथे काळ आडवा येत नाही आणि केवळ माणसे आडवी येतात, तेथे पूर्वतयारीच उपयोगी पडते. छत्तीसगडमध्ये जानेवारी 2025 मध्ये एका ख्रिस्ती पुत्रास आपल्या पित्याचा देह स्वतःच्या गावात पुरू द्यावयास गावाने नकार दिला. देह तीन आठवडे शवागारात राहिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, न्यायाधीशांत मतभेद झाला, आणि अखेर वीस-पंचवीस किलोमीटर दूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत तो न्यावा असे ठरले. धर्म कोणाचाही असो, पुत्राचे ते दुःख आपणास कळण्यासारखे आहे. आपल्या खेड्यांतूनही निक्षेपाची नोंदलेली जागा पुष्कळ ठिकाणी नाही. लोक आपल्या शेताच्या धुऱ्यावर माती देतात. पुढे शेत विकले जाते, नवा धनी नांगर घालतो, आणि मग भांडणे होतात. देह प्रपंचास परत दिल्यावर त्यावरून नांगर गेला तरी शोक करण्याचे कारण नाही, हे तत्त्व झाले. पण भांडणाचे कारण आधीच टाळणे हे शहाणपण. ग्रामपंचायतीच्या कर्तव्यांत दहनभूमीबरोबर दफनभूमीची व्यवस्थाही येते. गावातील उपदेशी मंडळींनी एकत्र येऊन, ग्रामसभेत ठराव मांडून, ई-क्लास जमिनीतून थोडी जागा रीतसर मागावी. ती मिळेपर्यंत, नोंदलेल्या जागेबाहेर निक्षेप करण्यापूर्वी स्थानिक अधिकाऱ्यांस विचारावे. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत करावी. आपली काळी जमीन उन्हाळ्यात हातहात भेगाळते, म्हणून खड्डा उथळ ठेवू नये. मीठ घालण्याची रीत सर्वांस ठाऊक आहेच. दिशा, वस्त्र इत्यादी बारकावे आपापल्या आम्नायातील वडिलांस विचारावेत.

प्रत्येक वासनिकाने, शरीर धड असताना, आपली इच्छा एका कागदावर चार ओळींत लिहावी. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. आणि मुख्य म्हणजे, जो मागे राहून सर्व करणार त्यास समोर बसवून शांतपणे सांगावे. कन्येसही सांगावे, सुनेसही सांगावे. ऐन वेळी घर त्याच सांभाळतात. असा कागद न्यायालयात संपत्तीच्या मृत्युपत्राप्रमाणे बांधून ठेवणारा नसला, तरी अंगणातील वाद तो मिटवू शकतो. लिहून झाल्यावर ती इच्छाही मनातून सोडून द्यावी. घडले तर घडले, न घडले तर न घडले.

आणि मागे राहिलेल्यांनी काय करावे? तेरवीसाठी कर्ज काढू नये. कापूस घरात येण्याआधी सावकाराच्या दारी जाऊन गावजेवण घालणारा शेतकरी पित्याची सेवा करीत नाही, आपल्या मुलांच्या तोंडचा घास काढतो. त्या दिवसांत घरी नामस्मरण व्हावे, लीळाचरित्राचे वाचन व्हावे, गीतेचा पाठ व्हावा, यथाशक्ती भिक्षुकांस व भुकेल्यांस अन्न द्यावे. सुतक-विटाळाचे भय बाळगू नये; स्वामींनी ते भय आपल्या भक्तांच्या मनातून काढले आहे. सोयरे उपदेशी नसतील आणि त्यांच्या समाधानासाठी एखादी निरुपद्रवी लौकिक गोष्ट करावी लागली, तर तिच्यासाठी घर मोडू नये. फक्त तिच्यात मृताच्या तारणाची भावना ठेवू नये.

ज्या घरी वडील काही न सांगता गेले आणि मुलांत दोन मते पडली, त्या घरास शेवटची विनंती. देह अंगणात ठेवून धर्माचा निर्णय होत नसतो. ज्याने आजारपणात उशाशी बसून सेवा केली, पाणी पाजले, कूस वळविली, त्यास विचारा आणि तो म्हणेल तसे करा. कारण वडिलांचे मन त्यास अधिक ठाऊक असते. दुसऱ्याने आपले मत गिळावे. अग्नी देऊ पाहणारा पुत्रही पित्यावर प्रेमच करीत असतो, त्याच्या प्रेमाची भाषा तेवढी निराळी असते. भावाभावांतला विकल्प हा जीवास खरा बाधक; तो अग्नीनेही जळत नाही आणि मातीतही कुजत नाही.

निक्षेप आपल्या प्रत्येकाचा होणारच आहे. ठेव परत मागितली जाईल तेव्हा हात मोकळे असावेत, मुखी नाम असावे, आणि कोणाचे काही देणे राहिले नसावे, एवढी सिद्धता आजपासून करू या. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामी आपणा सर्वांस ती बुद्धी देवोत. दंडवत प्रणाम.